३० किलोचा गुळाचा रवा (ढेप) डोक्यावर घेऊन चाललं तरी कार्य शून्य?? कसं काय?

गुळाचा_खडा :
नमस्कार मंडळी, नववीत आहे, कार्य आणि ऊर्जा धडा चालू आहे. क्लासमध्ये सांगितलं की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यावरनं चाललं की कार्य शून्य. आता माझे पप्पा शाहू मार्केट यार्डात हमाली करतात, पाडव्याला गुळाचे सौदे सुरू झाले की दिवसभर रवे उचलायचे, संध्याकाळी मान हलवता येत नाही त्यांना. मी जेवताना सांगितलं की पप्पा शास्त्राप्रमाणे तुम्ही काहीच काम करत नाही, तर आईनं भाकरी थापता थापता असं बघितलं माझ्याकडं की बास. पप्पा म्हणाले तुझ्या सरांना एक दिवस यार्डात घेऊन ये. कोणीतरी नीट सांगा, परवा चाचणी आहे.

रंकाळ्याचा_वारा :
सोप्पंय भावा, सपाट रस्त्यावर घर्षण नसतंय म्हणून शून्य.

तांबडा_पांढरा :
वाऱ्या काय सांगायलास, घर्षण नसतं तर माणूस एक पाऊल तरी टाकला असता का, शेवाळलेल्या घाटावर जसा पाय सटकतोय तसा सटकला असता. पोराची परवा चाचणी आहे, असलं काय पण शिकवू नको.

निवृत्त_मास्तर :
बाळा, आधी पप्पांची माफी माग. मग पुढचं वाच.

‘कार्य किती’ असा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या बलानं, कुठल्या वस्तूवर केलेलं कार्य, हे आधी विचारायचं. पप्पा रव्याला धरून ठेवतात म्हणजे त्याच्यावर वरच्या दिशेनं बल लावतात आणि रवा सरकतोय आडवा. बल उभं, विस्थापन आडवं, मधला कोन ९० अंश. कार्य = बल × विस्थापन × कॉस थीटा (थीटा म्हणजे हा मधला कोन), आणि कॉस ९० म्हणजे शून्य. गुरुत्वबल खाली ओढतंय, त्याचंही आडव्या चालीत शून्यच. चालायला लागताना रव्याला थोडं पुढं ढकलावं लागतं ते धन कार्य, थांबताना मागं आवरावं लागतं ते ऋण, दोन्हीची बेरीज शून्य होते म्हणून पुस्तकात तो भाग सोडून देतात.

मग दमतात कशानं? ओझं नुसतं पेलून धरायलाही स्नायूंचे तंतू सारखे आखडतात, सैल पडतात, परत आखडतात, त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होऊन अंगात उष्णता तयार होते. तोच रवा टेबलावर ठेव, टेबल वर्षभर पेलून धरेल, त्याला घाम नाही येणार. म्हणजे पप्पांचं शरीर राबतंय हे खरंच, फक्त ती ऊर्जा रव्यात जात नाही.

पण रवा जमिनीवरनं उचलून दीड मीटरवर डोक्यावर घेतला ना, तिथं कार्य झालं. किती झालं ते तू काढ.

गुळाचा_खडा :
सर ३० × १.५ = ४५ ज्यूल. बरोबर?

तांबडा_पांढरा :
अरे किलो म्हणजे वस्तुमान, बल नव्हं!! जी म्हणजे गुरुत्वत्वरण ९.८, ते विसरलास. ३० × ९.८ = २९४ न्यूटन, गुणिले १.५ म्हणजे ४४१ ज्यूल. मी पण नववीत हेच चुकलोय, दोन मार्क गेलेले अजून आठवतात. आणि असे १०० रवे उचलले तर ४४१०० ज्यूल, ऐकायला लई मोठं वाटतंय पण किलोकॅलरीत साडेदहाच्या आसपासच, एका भाकरीत ह्याच्या कितीतरी पट असतं. बाकीचं सगळं अंग तापण्यातच जातंय बघ.

पन्हाळा_पायी :
ह्याच्यातच अजून एक. १० किलोची सॅक घेऊन पन्हाळा चढलो, कोल्हापूरपासनं उंची चारेकशे मीटर धर, तर १० × ९.८ × ४०० = ३९२०० ज्यूल. वळणावळणाच्या रस्त्यानं जा नाहीतर पायवाटेनं, गुरुत्वाविरुद्धचं कार्य तेवढंच, कारण हिशोबात फक्त उंची येते. पाय मात्र पायवाटेनं जास्त बोंबलतात ते वेगळं.

गुळाचा_खडा :
आई शप्पथ आता कळालं. आणखी एकच, पेटी दोरीनं तिरकी ओढली, १०० न्यूटन, ६० अंश, १० मीटर, मी १००० लिहिलं, उत्तरात ५०० आहे. आणि पप्पा ट्रकमध्ये रवा हळूच खाली ठेवतात तेव्हा काय?

निवृत्त_मास्तर :
कॉस ६० म्हणजे अर्धा, म्हणून ५००. दोरीचं अर्धंच बल पेटीला पुढं नेतंय, बलाचा उभा भाग पेटी उचलायला बघतोय आणि पेटी तर वर गेली नाही. त्याच वेळी घर्षण उलट्या दिशेला, कोन १८०, त्याचं कार्य ऋण.

रवा खाली ठेवताना पप्पांचं बल वर, विस्थापन खाली, म्हणून पप्पांचं ऋण आणि गुरुत्वाचं धन. हे घरी सांगताना मात्र ‘ऋण’ हा शब्द जपून वापर, आई अजून भाकरी थापत असेल.