मारुती ८०० च्या काचेबाहेरच्या पट्ट्या आणि दाराचं बीडिंग बदलायचंय, पाऊस तोंडावर आलाय

देवरूखची_८००

नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ ची मारुती ८०० आता मी वापरते. शाळेत रोज हीच नेते आणि ती विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. इंजिन ठणठणीत आहे. पण काचेला बाहेरून लागून जी काळी पट्टी असते, ती चारही दारांवर उन्हाने वाळून कडक झालीये. ड्रायव्हरच्या दाराची तर मधोमध तडकून वर उचललीये, खाली पत्र्याची गंजलेली कड दिसते. काच खाली-वर करताना करकर आवाज येतो, काचेवर उभ्या बारीक रेघाही पडल्यात. दारांचं रबर, म्हणजे बीडिंग, कोपऱ्यांत चपटं झालंय.

गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालची चटई कधी वाळलीच नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी दाराच्या खालच्या कडेने सिलिकॉन भरून दिलं. त्याने फरक पडला नाही, उलट आता दार उघडलं की आतून पाणी खळखळल्यासारखं वाटतं.

पट्ट्या अजून मिळतात का? घरी बसवता येतील का? आणि आधी काय बदलू, बाहेरची पट्टी की दाराचं रबर?

डोंबिवलीचा_झेनवाला

ताई, ऑनलाइन मीटरवर चिकटणारी रबर पट्टी मिळते. मागे गोंद असतो, कागद सोलायचा आणि लावायची. मी झेनच्या दारांना लावली, वाऱ्याचा आवाज बराच कमी झाला. स्वस्तात काम होतं.

उद्यमनगरचा_रबरवाला

ताई, पट्टीचं नंतर बघू. आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे ते सिलिकॉन काढा.

कुठल्याही गाडीच्या दारात पाणी जातंच. बाहेरची पट्टी काचेवरचं बरंचसं पाणी पुसते, उरलेलं काचेबरोबर दाराच्या पोटात उतरतं. कंपनीने ते धरूनच दार बनवलेलं असतं. म्हणून दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. तुमची तीच भोकं बुजवलीत. आता पाणी आत साठतंय, खालचा पत्रा आतून गंजतोय, आणि दाराच्या आतल्या बाजूच्या पुठ्ठ्याच्या पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला असेल तर तेच पाणी तुमच्या पायाशी येतंय. कोल्हापुरात माझ्याकडे अशी दारं येतात. बाहेरून रंग चकचकीत, खालची कड बोटाने दाबली की पापडी सुटते. तुमच्या दाराची ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

भोकं बांबूच्या काडीने मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, आतला रंग खरवडतो. वरून काचेलगत थोडं पाणी ओता आणि खालून धार लागते का बघा. धार लागली की पुढचं.

मग दाराचं पॅनल उतरवायचं. काचेचं हँडल काढताना लोक पेचकस घालून पॅनल फाडतात, तसं करू नका. हँडलच्या मागे एक छोटी नालेच्या आकाराची क्लिप असते. जुन्या बनियनची लांब पट्टी फाडा, हँडल आणि पॅनल यांच्या फटीत घाला, दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढत राहा. कापड क्लिपच्या टोकांत अडकतं आणि ती टक्कन सुटते. सुटताना उडते, म्हणून वरून कुणाला तरी हात धरायला सांगा. पॅनलच्या कडेच्या क्लिपा एकेक करून उचला, घाईने ओढल्या तर पुठ्ठ्यात भोक पडतं.

आता बाहेरची पट्टी. काच पूर्ण खाली घ्या. पट्टीखालच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावा. पट्टी नेमकी कुठे अडकलीये ते आतून बघा आणि लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या पातीने थोडी थोडी उचलत सरका. जुन्या क्लिपा गंजून तुटतील, तुटू द्या, फक्त तुकडे दारात राहू देऊ नका. नवीन पट्टीबरोबर क्लिपाही नव्याच घ्या.

पट्टी निघाली की पत्र्याची कड दिसेल. खरं काम तिथेच आहे आणि तेच सगळे टाळतात. गंज आधी जाड पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, मग बारीक पेपर. कोरड्या फडक्याने पुसा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तर रंगाचा, हात द्या, तो वाळला की गाडीच्या रंगाचा टच-अप. गंजावर नवी पट्टी चढवली की ती गंज झाकते आणि ओल धरून ठेवते.

काचेवरच्या रेघा या कडक पट्टीत अडकलेल्या धुळीच्या. काच ज्यात सरकते ते चॅनेल आणि बाहेरची पट्टी जोडीने बदला. चॅनेलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. या रबरांना पेट्रोलियमचं तेल चालत नाही, फुगून मऊ पडतात. सिलिकॉन स्प्रे घ्या, कापडावर मारून मग चॅनेलला पुसा. तेवढ्याने काच हलकी होते.

दाराचं रबर शेवटी. जोड खालच्या बाजूला येईल असं धरा, वरच्या कोपऱ्यात जोड नको. आणि बसवताना ओढू नका. ताणून बसवलेलं रबर नंतर आखडतं आणि बरोबर कोपऱ्यातच फट पडते. कोपऱ्यात थोडं जास्तच सोडा, तळहाताने ठोकत पुढे जा. नवीन रबराने दार काही दिवस जड लागेल. लगेच कुलपाचा खुंटा (चौकटीवरचा, ज्यात दाराचं कुलूप अडकतं तो) सरकवायला सांगू नका, रबर बसलं की दार आपोआप हलकं होतं.

झेनवाले भाऊ, चिकटपट्टीने आवाज कमी होतो हे खरं, दाराच्या चौकटीला ती चालेल. पण सरकत्या काचेला ती चालणार नाही. आणि देवरूखच्या पावसात गोंद सुटला की रंग सोलून निघतो.

पुण्यातून_पार्ट्स

८०० बनायची बंद झाली जानेवारी २०१४ मध्ये, पण रस्त्यावर गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे रबर आणि पट्ट्या अजून मिळतात. आधी कंपनीच्या स्पेअर काउंटरला गाडीचा चेसिस नंबर देऊन विचारा. नाही मिळालं तर मुंबईत ऑपेरा हाउसला नवीन माल बघा, जुन्या गाडीचे काढलेले भाग हवे असतील तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. रबर मात्र जुनं काढलेलं घेऊ नका. घेताना वाकवून बघा, घडीवर पांढरी रेघ उमटली तर माल दुकानात पडून वाळलाय. डाव्या-उजव्या पट्ट्या वेगळ्या असतात, जुनी सोबत न्या.

रबर बसल्यावर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. सैल सुटली तिथे खडूने खूण करा.

देवरूखची_८००

रबरवाले दादा, काय सांगू! सिलिकॉन सुरीने काढलं आणि दारातून गढूळ, तांबूस पाणी बदाबदा आलं. पॅनलही उघडलं, तुम्ही सांगितलेल्या बनियनच्या पट्टीनेच. मागचा प्लास्टिकचा कागद खाली फाटून लोंबतोय. तो कशाने चिकटवू? घरी सिलिकॉनची ट्यूब आहे. आणि चटई ओली होण्याचं कारण एवढंच असेल ना?

उद्यमनगरचा_रबरवाला

शाबास ताई. तांबूस पाणी म्हणजे गंज सुरू झालाय, पण पाणी वाहून गेलं हे वेळेवर झालं.

घरातली सिलिकॉनची ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ती गाडीच्या पत्र्याजवळ नेऊच नका, उघडा पत्रा त्याने गंजतो. बुटाइल टेप आणा. काळी, चिकट, कधीच न वाळणारी असते, पुढे पॅनल परत उघडावं लागलं तरी कागद फाटत नाही. कागद नवीन घ्या, जाड पॉलिथिनही चालेल, जुन्याच्या मापाने कापा. खालचं टोक बाहेर लोंबू न देता दाराच्या पोटात वळवा, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी भोकांकडेच जाईल.

चटईचं अजून एक बघा. बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साठलाय का? तिथली वाट तुंबली तरी पाणी पुढच्या पायाशीच उतरतं. दोन्ही उरकलं की एक जण टॉर्च घेऊन आत बसा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हलकं पाणी मारायचं, आधी दाराच्या तळाला, मग काचेच्या कडेला, शेवटी पुढच्या काचेच्या रबरावर. एकदम वरून मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

दार आतून दोन-तीन उन्हं खाऊ द्या, मगच रेड ऑक्साइड. ड्रायव्हरचं दार झालं की पत्र्याच्या कडेचा फोटो टाका, मागच्या दारांचं त्यावरून सांगतो.