ग्रामसभांच्या महासंघाची नोंदणी करावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या भागातील काही ग्रामसभांना वनहक्क कायदा, 2006 अन्वये सामूहिक वनहक्क मिळाले असून, यंदा तेंदूपानांचा लिलाव प्रत्येकीने स्वतंत्रपणे न करता सर्वांनी मिळून करावा, असे ठरत आहे. एकट्या गावाला कंत्राटदार दर पाडून मागतो. दहा-बारा गावे एकत्र बसली, की त्याचा सूर बदलतो, हे सांगायला नकोच.

खरा पेच नोंदणीचा आहे. ग्रामसभेला कायद्यानेच अधिकार आहेत. वनहक्क नियमांतील नियम 4(1)(ङ) खालील वनव्यवस्थापन समितीही तिलाच उत्तरदायी असते आणि वाहतूक परवानाही गावपातळीवरच निघतो. मात्र एकत्रित रक्कम ठेवण्यासाठी बँक नोंदणी प्रमाणपत्र मागते. संस्था म्हणून नोंदणी केली, तर पदाधिकारी, घटना, वार्षिक सभा हे सगळे आले, आणि उद्या निर्णय चार पदाधिकारी घेतील व ग्रामसभा सही करण्यापुरती उरेल, अशी भीती बायाबापड्या उघड बोलून दाखवतात. मला ती रास्त वाटते.

नोंदणी न करता, प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावावर महाग्रामसभा (म्हणजे अनेक ग्रामसभांचा महासंघ) चालवणाऱ्यांनी पैशांचा व्यवहार कसा बसवला? कंत्राटदाराने प्रत्येक गावाच्या खात्यात थेट रक्कम भरावी, अशी अट करारनाम्यात घालता येते का? फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) मोजलेले पुडे (पानांच्या जुड्या) आणि मजुरीचे हजेरीपत्रक यांचा मेळ घालणारा एखादा नमुना कोणाकडे असल्यास कृपया द्यावा. लिलावाची जाहिरात काढण्यापूर्वी हे ठरवणे आवश्यक आहे.