मदत हवी आहे: ऑल-सीझन टायर बदलायचेत. दोन की चारही? आणि कुठले?

नमस्कार मंडळी. टायरमधलं मला हवा भरण्यापलीकडे काही कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

गाडी छोटी हॅचबॅक, २०१८ चं मॉडेल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. टायर गाडीबरोबर आले तेच आहेत, ऑल-सीझन, १९५/६५ आर१५ ९१एच. माझ्या हातून ४० हजार किलोमीटर झालेत, आधीचे किती ते देव जाणे. परवा भुरभुर पावसात सिग्नलला ब्रेक दाबला, पॅडल पायाखाली थरथरलं आणि गाडी निवांत घसरत झेब्रा पट्ट्यांवर जाऊन उभी राहिली. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. घरी येऊन पाहिलं तर पुढची चाकं बऱ्यापैकी गोटा झालीत, मागची मला तरी ठीक वाटतात.

वापर बहुतेक शहरातच, महिन्यातून दोनदा हायवेने दोनेकशे किलोमीटर. हिवाळ्यात सकाळी पारा शून्याच्या आसपास असतो, खरा बर्फ वर्षाकाठी पाच-सहा दिवस. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन संच ठेवायला घरात जागा नाही, म्हणून ऑल-सीझनच हवेत.

दुकानदार म्हणतो पुढचे दोनच बदला, पुरे. वर म्हणतो, त्याच रिमवर २०५/६५ बसेल, रुंद टायर म्हणजे जास्त पकड. हे खरं आहे का? आणि कंपनी कुठली घ्यावी?

प्रतिसाद

मिशेलिन क्रॉसक्लायमेट. डोळे झाकून घ्या.

प्रतिसाद

डोळे झाकूनच टायर घेतले जातात, म्हणून तर असे धागे निघतात. :)

ताई, कंपनीचं नंतर बघू. आधी जुने टायर वाचा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड बाहेर डोकावते. मोबाइलचा टॉर्च मारून आतली आणि बाहेरची कड ताडून पाहा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहत होती. मध्य झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो चुकलाय, म्हणजे चाकांची तोंडं सरळ पुढे नसून आत किंवा बाहेर वळलीत. (तार बाहेर आली असेल तर हात कापेल, आधी नीट बघा.) ठिकठिकाणी खड्डे-उंचवटे जाणवले तर शॉकअब्सॉर्बर तपासून घ्या.

आणि चारही टायरवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे शोधा, टायर कधी बनला ते त्यात असतं. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात, गाडीखाली डोकं घालावं लागेल.

धागाकर्ती

घातलं डोकं. जुन्या चटईवर आडवी होऊन, तोंडात टॉर्च धरून.

पुढचं डावं चाक: बाहेरच्या कडेला नक्षी ४ मिमी, आतल्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी आरशासारखी. खाचेतला झीज दाखवणारा छोटा उंचवटा आणि रबर अगदी एका पातळीत. उजवंही तसंच, जरा कमी. हात फिरवला तर एका दिशेने स्पष्ट टोचतं. मी तीन वर्षं रोज गाडीत बसताना फक्त बाहेरची कड बघून खूश होते!

तारखा: तीन टायरवर १४१८. मागच्या उजव्यावर ०९१६! गाडी २०१८ ची आणि टायर २०१६ चा, हे कसं? त्याच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, केसासारख्या बारीक भेगाही दिसल्या. "मागची ठीक वाटतात" हे विधान मागे घेते.

प्रतिसाद

आधीच्या मालकाचा एक टायर कुठेतरी फाटला असेल आणि कुणाकडून तरी जुना आणून लावला असेल. नेहमीचीच गोष्ट आहे. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायर सहा वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्यायचा, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरायचा नाही. भेगा दिसल्यावर तर वाट बघण्यात अर्थच नाही.

तेव्हा दोन की चार याचं उत्तर तुम्हीच शोधलंत: चार. आणि त्याच दिवशी अलाइनमेंट, नाहीतर नव्यांच्या आतल्या कडाही तशाच जातील.

प्रतिसाद

चार घ्यायची ऐपत नसेल तर दोन घ्या हो, जगबुडी होत नाही. फक्त नवे पुढे लावा. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ताकद पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे. सरळ हिशोब आहे.

प्रतिसाद

दादा, हिशोब सरळ दिसतो पण उलटा आहे. दोनच नवे असतील तर ते मागे लावायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालो की मागच्या. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी वळायची ती सरळ जाते. तुम्हाला स्टिअरिंग हलकं झाल्याचं हाताला कळतं, पाय आपोआप उचलला जातो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची चाकं सुटली तर शेपटी बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ते सावरायला उलटं स्टिअरिंग क्षणात द्यावं लागतं, आणि आपल्यापैकी किती जणांना ते जमतं? मला जमलं नव्हतं. नवे पुढे, जुने मागे अशा थाटात एकदा ओल्या उतारावर मी आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो होतो. बायको मागच्या सीटवर झोपलेली, जागी होऊन म्हणाली, "परत का निघालो?"

टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात. इथे मात्र चारच घ्या.

प्रतिसाद

साइझबद्दल. वहीत मांडूनच दाखवतो, म्हणजे दुकानात वाद घालता येईल.

१९५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. साइडवॉल १२६.७५ मिमी, वर-खाली मिळून २५३.५. त्यात रिमचे ३८१ मिळवा: चाकाचा व्यास ६३४.५ मिमी. आता २०५/६५ चं तेच करा: ६४७.५. चाक १३ मिमी मोठं झालं, म्हणजे दोन टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ने पळत असेल, ओडोमीटर कमी मोजेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतोय का हे दुकानदार नाही, तुम्ही बघणार. रुंदी वाढवायची तर उंचीचा आकडा उतरवावा लागतो. २०५/६० आर१५ घेतला तर ६२७, मूळच्या जवळपास.

पण मुळात वाढवायची कशाला? रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. बर्फातही अरुंद टायर बरा, तो खाली रुततो. रुंदीचा फायदा कोरड्या रस्त्यावर. तुमची तक्रार पावसातली आहे, तेव्हा मूळ साइझच ठेवा.

शेवटचं ९१एच पण तपासा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडीच्या पुस्तकात जे दिलंय त्याहून भाराचा आकडा खाली नको.

धागाकर्ती

वा, हे पहिल्यांदाच कळलं. ९१ हा मला मॉडेल नंबर वाटायचा.

आता कुठले घ्यायचे? दुकानात दोन ऑल-सीझन दाखवले. दोन्हीवर एम+एस लिहिलंय. एकावर शिवाय डोंगराचं चित्र आहे, त्यात हिमकण. महाग तोच आहे. चित्राचे पैसे का द्यायचे?

प्रतिसाद

द्यायचे, आणि हेच या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

एम+एस म्हणजे मड अँड स्नो. ते नक्षीच्या ठेवणीवरून, खाचा किती आणि कशा यावरून कंपनी स्वतःच लिहिते. बर्फावर चाचणी झालीच पाहिजे असं नाही. तीन शिखरं आणि आत हिमकण हे चिन्ह मिळवायला मात्र टायरला दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा सरस ठरावं लागतं. त्यातही एक मेख आहे: ती चाचणी बर्फावरच्या पकडीची आहे, गोठलेल्या काचेसारख्या रस्त्याची नाही. डोंगराचं चित्र आहे म्हणून सकाळी पुलावर बिनधास्त जाऊ नका.

खरा खेळ रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, रस्ता कोरडा असला तरी. हिवाळी रबर थंडीत मऊ राहतं, पण तापल्या डांबरावर झिजतं आणि ब्रेक मारताना लोळतं. ऑल-सीझन या दोघांमधली तडजोड, आणि तडजोड कुठे केली यावर दोन जाती पडतात. नुसत्या एम+एस वाल्या बहुतेक उन्हाळ्याकडे झुकलेल्या. डोंगरवाल्या हिवाळ्याकडे, त्यांना काही कंपन्या ऑल-वेदर म्हणतात. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २०१५ मध्ये आला तो या दुसऱ्या जातीचा. गुडइयरचा व्हेक्टर ४सीझन्स, कॉन्टिनेंटलचा ऑलसीझनकॉन्टॅक्ट हेही तिथलेच. तुमच्या सकाळी शून्याला आणि बर्फ पाच-सहा दिवस, म्हणजे तुम्ही बरोब्बर याच टायरचं गिऱ्हाईक आहात. महिनोन्महिने बर्फ असता तर मी वेगळे हिवाळी घ्याच म्हटलं असतं, आणि बर्फच नसता तर डोंगराच्या फंदात पडू नका म्हटलं असतं.

प्रतिसाद

वरच्या यादीतला एक मी वापरतो. पकड उत्तम. पण व्ही आकाराची नक्षी आहे, १५ हजारानंतर हायवेला हूं-हूं असा आवाज सुरू झाला. रेडिओ लावला की विसरायला होतं. कडक उन्हात स्टिअरिंग किंचित ढिलं वाटतं, हेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद

ट्रेडवेअर (टायरवरचा झिजेचा आकडा) ६०० वाला घ्या, ४०० वाल्याच्या दीडपट चालतो.

प्रतिसाद

एकाच कंपनीचे दोन टायर ताडताना ते चालेल. तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे या कंपनीचा ६०० आणि त्या कंपनीचा ४०० शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यापेक्षा टायरवर युरोपियन लेबल असेल तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर बघा, ए ते ई. ताई झेब्रा पट्ट्यांवर गेल्या त्या झिजेच्या आकड्यामुळे नाही.

प्रतिसाद

थोडं अवांतर: माझ्या टायरवर ५१ पीएसआय लिहिलंय, मी तेवढीच भरतो. गाडी दणके फार देते. बरोबर आहे ना?

प्रतिसाद

अहो काय करताय! ती टायरची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते, आणि ती गार टायरची. आजच उतरवा.

धागाकर्ती

अपडेट. डोंगरवाले चार घेतले, मूळ साइझमध्ये. बसवण्याआधी तारखा बघितल्या, चारही एकाच वर्षाचे. दुकानदाराने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, पण व्हॉल्व्ह नवे टाकले आणि बॅलन्सिंग मागावं लागलं नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर पुढचा टो लाल दाखवत होता, बाहेर गेलेला. तो हिरवा होईपर्यंत मी काचेतून बघत उभी होते.

पहिल्या पावसात त्याच सिग्नलला मुद्दाम गेले. मागे कुणी नाही बघून ब्रेक दाबला. पट्ट्यांच्या बऱ्याच आधी थांबली.

प्रतिसाद

अभिनंदन! पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा जपून, नव्या रबरावर साच्याचा तेलकट थर असतो. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. आणि व्ही नक्षी आहे ना? मग साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल. चाकाच्या माथ्यावर बाण गाडीच्या तोंडाकडे हवा. चारही बघून घ्या.

धागाकर्ती

आत्ता खाली जाऊन आले. तीन बरोबर आहेत. मागच्या डाव्याचा बाण डिकीकडे आहे.

हे चाक नुसतं उजवीकडे नेऊन चालेल, की टायर रिमवरून उतरवावा लागेल?

प्रतिसाद

उजवीकडे नेलं तर बाण सरळ होईल, पण उजवीकडचं चाक डावीकडे आलं की त्याचा उलटा होईल. एकच चुकलंय, म्हणजे टायर रिमवर उलट्या तोंडाने चढवलाय. उतरवून पलटी करून घ्या, आणि पुन्हा बॅलन्सिंग करायला सांगा. चूक त्यांची आहे, पैसे देऊ नका. तोवर पावसात हायवेला जाऊ नका, उलटी नक्षी पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी मधे ओढते.

धागाकर्ती

उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला दारात उभी असेन. चटई डिकीतच ठेवलीय.