थंडीत यूटीव्हीचा गिअर पडत नाही, रेसपण उतरत नाही. काय बघू?

ओकोटोक्सकर:
मंडळी, कॅलगरीच्या दक्षिणेला आमची थोडी जमीन आहे, बर्फ ढकलायला पुढे ब्लेड लावलेली एक जुनी साइड-बाय-साइड (यूटीव्ही, शेजारी-शेजारी सीटची छोटी ऑफ-रोड गाडी) वापरतो. परवा चिनूक (डोंगरावरून येणारा कोरडा, गरम वारा) आला, दुपारी अधिक ७, सगळीकडे पाणी नि चिखल, त्यातच गाडी फिरवली आणि रात्री पारा थेट उणे २२. सकाळी स्टार्ट झाली पण गिअरचा दांडा न्यूट्रलमधून हलेना, जोर लावला की खर्रर्र. मग कसाबसा लो गिअरमध्ये पडला तर पॅडल सोडलं तरी रेस उतरेना, शेवटी चावी फिरवून बंद केली. वर पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागलाय आणि स्टीअरिंग भयंकर जड. गिअरबॉक्स गेला का?

विनिपेगचा मेकॅनिक:
गिअरबॉक्स लगेच मारू नका हो 😄 पण आधी रेसचं बघा, पॅडल परत येत नाही तोवर गाडी जागची हलवायची नाही. जुनी आहे म्हणजे रेस केबलवाली असणार, आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) पाणी शिरलं आणि रात्री गोठलं, चिनूकनंतर हे हमखास होतं. गरम पाणी ओतू नका, तेच पाणी परत आत जाऊन गोठतं. हीटर असलेल्या गॅरेजमध्ये ठेवा (इंजिन बंद ठेवून, धुराने जीव जातो), केबल पूर्ण सुटली की वरच्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा मारा आणि पातळ केबल ल्यूब सोडा. जाड ग्रीस नको, उणे २५ला ते स्वतःच घट्ट होतं. आणि केबलच्या टोकांवरचे रबरी बूट (टोप्या) फाटलेत का बघा, फाटले असतील तर पुढच्या चिनूकला परत हेच.

गिअरसाठी सोपी टेस्ट: इंजिन बंद ठेवून दांडा हलवा. तेव्हाही घट्ट असेल तर शिफ्ट केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडा आणि तिथला आर्म हाताने फिरवा, गाडी सपाटीवर आणि चाकांना दगड लावून. आर्म सहज फिरला तर दोष केबलचा. बंद असताना मोकळा आणि चालू केल्यावरच खर्रर्र होत असेल तर वेगळी गोष्ट, थंड इंजिन चढ्या आयडलवर (पॅडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चालतं, या गाड्यांत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला बेल्टने जाते, त्यात क्लच बेल्टला थोडा धरून ठेवतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. आयडल खाली येईपर्यंत थांबायचं, बस.

एडमंटनची_ताई:
स्टीअरिंगसाठी आधी बॅटरी मोजा. पॉवर स्टीअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते, व्होल्टेज पडलं की ती बंद होते आणि दिवा लागतो. उभ्या गाडीत १२.६च्या आसपास पाहिजे. उणे १८ला बॅटरीचा जोर जवळजवळ निम्मा होतो, त्यात ब्लेड उचलायची विंचपण (दोर गुंडाळणारी मोटर) त्याच बॅटरीवर. बॅटरी चांगली निघाली तर पुढची चाकं जॅकवर उचलून स्टीअरिंग फिरवा, आत बर्फ अडकला असेल तर कळेल.

लेहला_होतो:
आम्ही लेहला जीप उभी करताना हँडब्रेक ओढायचो नाही, ओली केबल गोठून ब्रेक लागलेलाच राहतो. पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड.

विनिपेगचा मेकॅनिक:
हँडब्रेकचं बरोबर दादा, पण बेल्टवाल्या गाडीत इंजिन बंद झालं की क्लच बेल्ट सोडतो, नुसत्या गिअरवर ती उतारावरून सुटेल. पार्क असेल तर पार्क, आणि दगड दोन्हीकडे.

ओकोटोक्सकर:
धन्यवाद सगळ्यांना. गॅरेजात ठेवली, रेसची केबल सुटली, वरच्या बुटाला चीर निघाली, नवीन मागवतोय. इंजिन बंद असताना दांडा आता मोकळा हलतो, चालू केल्यावर पहिली काही मिनिटं खर्रर्र होतंच, म्हणजे आयडलचंच दिसतंय. बॅटरी ११.९ दाखवतेय, चार्जरला लावली. ताई, चार्ज झाल्यावर दिवा आपोआप जाईल की एरर कोड काढावा लागेल?

एडमंटनची_ताई:
बहुतेक गाड्यांत चावी बंद-चालू केली की जातो. नाही गेला तर बॅटरीचे टर्मिनल उघडून साफ करा, मग डीलरचं बघू.