बीएमडब्ल्यू आणि ऑडी, घरी कुठला स्कॅनर घेऊ?

हौशी_पाना: घरी २०११ ची बीएमडब्ल्यू ३ सिरीज (ई९०) आणि २०१४ ची ऑडी ए६ आहे. ऑइल, फिल्टर, पॅड ही कामं मीच करतो. साधा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ (फोनला जोडून गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा डोंगल) आहे, पण बीएमडब्ल्यूचा एअरबॅगचा दिवा लागलाय आणि हा पठ्ठ्या म्हणतो कोडच नाही! आता तिची बॅटरी बदलायचीय, ऑडीचे मागचे पॅडही संपलेत. दोन्हीला एकच टूल चालेल का? ऑटेल, लाँच, फॉक्सवेल या स्कॅनर कंपन्या, प्रत्येकाच्या जाहिरातीत ढीगभर ब्रँड, डोकं चक्रावलंय.

टॉर्कराव: डोंगलचा दोष नाही हो. ओबीडी-२, म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, मुळात प्रदूषणावर लक्ष ठेवायला आलं, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं, म्हणून साध्या रीडरला इंजिन आणि धुराशी संबंधित कोडच दिसतात, एअरबॅग, एबीएसचे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) वेगळे आणि त्यांच्याशी बोलायची पद्धत प्रत्येक कंपनीची आपापली.
ब्रँड किती ते सोडा, तुमच्या मॉडेल आणि वर्षाला कुठली फंक्शन चालतात ते टूलवाल्याच्या कव्हरेज लिस्टमध्ये बघा. तुम्हाला बॅटरी रजिस्ट्रेशन, म्हणजे बॅटरी बदलल्याचं टूलवरून गाडीला कळवणं, हवंच, नाहीतर गाडी नवी बॅटरी जुनी समजूनच चार्ज करत राहते, आणि साध्या बॅटरीच्या जागी एजीएम प्रकारची टाकली किंवा अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) बदलले तर कोडिंगपण, म्हणजे मॉड्यूलमधली सेटिंग बदलणं, लागतं, नुसत्या रजिस्ट्रेशनने भागत नाही. दुसरं, ऑडीचा पार्किंग ब्रेक मोटरवर चालतो, सर्व्हिस मोडमध्ये न टाकता ब्रेकचा पिस्टन क्लॅम्पने दाबलात तर कॅलिपरला खर्च आलाच.
एअरबॅगचा कोड खुशाल वाचा, पण बॅटरी सोडल्याशिवाय कनेक्टरला हात नको आणि एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर तर अजिबात नको.

केबलवाले_काका: मी उलटं सांगतो. लॅपटॉप असेल तर ऑडीला व्हीसीडीएस (लॅपटॉपचं सॉफ्टवेअर आणि त्याची केबल) घ्या. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांपुरतंच आहे, पण मॉड्यूल, अ‍ॅडाप्टेशन, लाइव्ह डेटा इतका नीट दिसतो की सगळ्यांना चालणारी टूल्स फिकी वाटतात. बीएमडब्ल्यूला के+डीकॅन केबल (ई९० ला हीच, तिच्यानंतरच्या एफ सिरीजपासून ईनेट केबल). फक्त व्हीसीडीएसच्या स्वस्त कॉपीच्या नादी लागू नका, अपडेट टाकलं की ती कधी मान टाकेल नेम नाही.

हौशी_पाना: लॅपटॉप आहे काका, पण गाडीखालून उठून दर वेळी त्याच्यापाशी जायचा कंटाळा. आणि कोड वाचला की पार्ट कळतोच ना?

टॉर्कराव: नाही कळत, तिथेच तर लोक फसतात. पी०१७१ कोड म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), एवढंच. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, इनटेकला हवा गळत असेल, एअरफ्लो मीटर घाण असेल, फ्युएल प्रेशर कमी असेल. फ्युएल ट्रिम (इंजिन इंधन किती कमी-जास्त करतंय तो आकडा) बघा, आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल तर आधी व्हॅक्यूम लीक शोधा. म्हणून लाइव्ह डेटा आणि टूलवरून पंप-फॅन चालवून बघता येईल असंच घ्या, म्हणजे बायडायरेक्शनल. उठबस नको असेल तर टॅबलेटवालं बरं.

केबलवाले_काका: बरं, टॅबलेट तर टॅबलेट, पण अपडेट किती काळ फुकट आणि ते संपल्यावर टूल चालू राहतं का हे आधी विचारा. कोडिंग करताना बॅटरीला चांगला चार्जर लावून ठेवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अडकतं. आणि पुढेमागे २०२० नंतरची ऑडी घ्यायचा विचार असेल तर तिच्यात एसएफडी नावाचं कुलूप असू शकतं, कोड वाचता येतात पण बरंच कोडिंग ऑनलाइन अनलॉक केल्याशिवाय होत नाही, तेव्हा टूलला ते जमतं का हेही बघून घ्या.