मदत हवी आहे: नवजात बाळाच्या डोळ्यात घालायचं मलम, हो म्हणू की नको?

चाफ्याचं_झाड:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

मी डॅलसजवळ असते, वय ३१, पहिलंच बाळ, ३५वा आठवडा चालू आहे. शनिवारी हॉस्पिटलचा बाळंतपणाचा क्लास होता, तिथे सांगितलं की बाळ झालं की व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, हेपेटायटिस बीची लस आणि दोन्ही डोळ्यांत एरिथ्रोमायसिन नावाच्या अँटिबायोटिकचं मलम देतात. पहिल्या दोन गोष्टी माहीत होत्या, मलमाचं कधी ऐकलं नव्हतं. मी आपलं हात वर करून विचारलं हे कशासाठी, तर नर्स एकदम सहज म्हणाली, आईला गोनोरिया (लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग) असेल तर जन्मताना बाळाच्या डोळ्यात जातो म्हणून. शेजारी नवरा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, आपल्याला कुठून असणार, लिहून दे नको म्हणून. इथे मलम घालायचं कायद्यात आहे पण आईबाबांनी नको म्हटलं तर तशी नोंद करून सोडतात, असंही त्याच नर्सने सांगितलं होतं.

इकडे सासूबाई आल्यात साताऱ्याहून. त्यांना मलम म्हणजे काय ते सांगितलं पण कशासाठी ते सांगायची हिंमत झाली नाही, नुसतं इन्फेक्शन म्हटलं. त्या म्हणतात आपल्याकडे एवढी पोरं झाली कुणाच्या डोळ्यात मलम घातलं नाही, आणि एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ डबीत भरून घेऊनच आल्यात, पाचवी झाली की घालू म्हणून.

तर मला खरंच कळत नाहीये. अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी कशाला असं एक मन म्हणतं, मलमाने बाळाला धूसर दिसतं मग ते माझ्याकडे बघणार कसं असं पण वाटतं (हसू नका), आणि दुसरं मन म्हणतं की डोळ्यांचा प्रश्न आहे, उगाच हट्ट नको. कुणी नको म्हटलंय का? भारतात खरंच घालत नाहीत का? सीझर झालं तरी घालतात का?

खारीबिस्किट:

आम्ही तिन्ही गोष्टींना नाही म्हटलं होतं, बाळ मस्त आहे. नैसर्गिक गोष्टीत एवढी ढवळाढवळ कशाला.

रात्रपाळी:

@खारीबिस्किट, तुमचं बाळ मस्त आहे हे छानच, पण व्हिटॅमिन केला नाही म्हणायचा सल्ला प्लीज कुणाला देऊ नका. बाळाच्या अंगात ते जन्मतः फार कमी असतं आणि त्यामुळे डोक्यात रक्तस्राव झालेली बाळं मी या डोळ्यांनी बघितलीत. ते भारतातही देतात. मलमाची गोष्ट वेगळी आहे, त्यावर वाद होऊ शकतो. तिन्ही एकाच पिशवीत घालू नका.

चाफा, मी ओहायोत नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आधी ते "आपल्याला कुठून असणार" बाजूला ठेव. ते मलम तुझ्या चारित्र्याचा दाखला मागत नाहीये, सगळ्यांना सरसकट घालतात ते यासाठीच की कुणाकडे बोट दाखवावं लागू नये. गोनोरिया बायकांमध्ये कित्येकदा काहीही लक्षण न दाखवता असतो. आईला असेल आणि काहीच केलं नाही तर साधारण ३० ते ५० टक्के बाळांच्या डोळ्यांना लागण होते, दोन ते पाच दिवसांत डोळे सुजून घट्ट मिटतात, पू येतो, आणि उपचार लांबले तर बुबुळाला भोक पडून नजर जाऊ शकते. म्हणून इथल्या तज्ज्ञांच्या सरकारी समितीने २०१९ साली पुन्हा एकदा सगळ्या बाळांना घालाच असं सांगितलं.

आता दुसरी बाजू. आईला गोनोरिया नाहीच हे टेस्टने माहीत असेल आणि नंतर लागण व्हायचं काही कारण नसेल तर मलमाचा बाळाला फायदा जवळजवळ शून्य आहे. क्लॅमिडियावर (हाही लैंगिक संबंधातूनच होणारा संसर्ग) तर ते भरवशाचं नाहीच, लोकांना उगाच वाटतं की सगळ्यापासून वाचवतं. क्लॅमिडियाचा खरा उपाय म्हणजे आईची गरोदरपणातच टेस्ट आणि औषध.

तेव्हा तुझे रिपोर्ट काढ आणि त्यात गोनोरिया आणि क्लॅमिडिया ही नावं आहेत का बघ. बऱ्याच जणी म्हणतात "माझ्या सगळ्या टेस्ट झाल्यात", पण सगळ्यांची होते ती सिफिलिस, एचआयव्ही आणि हेपेटायटिस बीची. गोनोरियाची सरसकट टेस्ट २४ वर्षांपर्यंतच्या मुलींना सांगतात, त्यापुढे धोका जास्त वाटला तरच. तू ३१ची, म्हणजे कदाचित झालीच नसेल. मागून घे, लघवीच्या नमुन्यावर पण होते.

सीझरला पण घालतात, कारण पाणी आधीच गेलं असेल तर जंतू वर चढू शकतात.

आणि धूसर दिसण्याचं: मलम लगेच पहिल्या मिनिटाला घालायची गरज नाही. पहिला तासभर बाळ छातीवर ठेव, दूध पाज, मग घाला म्हणावं. २४ तासांच्या आत झालं की चालतं. खालच्या पापणीच्या आत साधारण एक सेंटिमीटरची रेघ, बस. थोडं लालसर होतं कधी कधी, एकदोन दिवसांत जातं.

लांबची_आत्या:

भारताचं मी सांगते, माझी दोन्ही बाळं पुण्यात झाली, २०११ आणि २०१५. डोळे निर्जंतुक कापसाने पुसले, मलमबिलम काही नाही. उलट डॉक्टरांनी दम दिला होता की डोळ्यात काहीही घालायचं नाही, काजळ नाही, मध नाही, अंगावरचं दूध नाही. त्यामुळे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, पण ते अर्धं त्यांच्या काजळाच्या विरोधात जातं 😀

टेम्सकाठचा_पाटील:

इंग्लंडमध्येही घालत नाहीत. आमच्या मुलीच्या वेळी आम्हीच विचारलं, कारण बायकोची बहीण अमेरिकेत, तर मिडवाइफला प्रश्नच कळेना. पण इथे बाळ घरी आलं की मिडवाइफ दुसऱ्या दिवशी घरी येते, पाचव्याला येते, दहाव्याला येते, बाळाला उघडं करून डोळ्यांपासून बेंबीपर्यंत बघते. तिच्या नजरेतून पू आलेला डोळा सुटत नाही. तुमच्याकडे घरी येऊन कोण बघतं? कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१५ साली सांगितलं की सरसकट मलम बंद करा, त्यापेक्षा सगळ्या गरोदर बायकांची टेस्ट करा. म्हणजे तिथेही मलमाऐवजी काहीतरी ठेवलंच आहे. नुसतं "त्या देशात घालत नाहीत" एवढंच उचलू नका.

थोडं अवांतर: हे सगळं सुरू झालं १८८० च्या सुमारास जर्मनीत लाइपझिगला. क्रेडे नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने बाळांच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. त्याच्या दवाखान्यात आधी शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे यायचे, ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. त्या काळात युरोपातल्या अंधशाळांमध्ये अशी कितीतरी मुलं असायची. सिल्व्हर नायट्रेट भयंकर चुरचुरायचं, बाळांचे डोळे औषधानेच सुजायचे, म्हणून पुढे मलम आलं. आज अँटिबायोटिक आहे, टेस्ट आहे, तेव्हा यातलं काही नव्हतं.

दुपारची_झोप:

न्यूयॉर्कवाल्यांनी वाचून हुरळून जाऊ नये, इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. मी नको म्हटलं तर रात्री दोन वाजता तीन वेगवेगळी माणसं समजवायला आली, टाके दुखत होते, बाळ रडत होतं, शेवटी म्हटलं घाला बाई एकदाचं. माझं म्हणणं एवढंच की भांडायचं असेल तर आधी भांडा, ३६व्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटला, कळा सुरू झाल्यावर नाही.

चाफ्याचं_झाड:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. @रात्रपाळी ताई, तुमचं वाचून लगेच पोर्टलवर रिपोर्ट उघडले. क्लॅमिडिया पण नाही आणि गोनोरिया पण नाही, दोन्ही टेस्ट झालेल्याच नाहीत! आणि मी क्लासमध्ये छातीठोकपणे सांगून आले होते की माझं सगळं निगेटिव्ह आहे. उद्या फोन करते. नवऱ्याला तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, तो "चारित्र्याचा दाखला" वर जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला माझी पण करू का टेस्ट. मी म्हटलं कर की.

सासूबाईंना कसं सांगू ते मात्र कुणीच सांगितलं नाहीत.

लांबची_आत्या:

अगं सरळ सांग. त्यांच्या पिढीने गुप्तरोगाच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर वाचल्यात, त्या काही चक्कर येऊन पडत नाहीत. आणि काजळाला मात्र ठाम नाही म्हण. काजळात शिसं निघू शकतं, घरचं असलं तरी बोटाने घालताना जंतू जातात, आणि अश्रूंची नळी आधीच बारीक असते.

रात्रपाळी:

+१. आणि मलम घालो वा न घालो, पहिल्या महिन्यात डोळा लाल झाला, पापणी सुजली किंवा पिवळा-हिरवा पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या आठवड्यात असेल तर तासाभरात. क्लॅमिडियाचं दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे मलम घातलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. नुसती चिपडं, डोळा पांढराशुभ्र, तर बहुतेक वेळा अश्रूंची नळी बंद असते, तरी एकदा दाखवून घे.

चाफ्याचं_झाड:

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी, मुलगी झाली! ३८व्या आठवड्यातच आली, नॉर्मल.

दोघांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तुमच्या केसमध्ये फायदा फारसा नाही, तोटाही नाही, तुम्ही ठरवा. मी ठरवलं होतं नकोच म्हणायचं, फॉर्म पण भरून ठेवला होता. मग कळांच्या गडबडीत तो फॉर्म बॅगेत खाली राहिला, आणि दीड तासाने नर्स हातात ट्यूब घेऊन आली तेव्हा पोरगी दूध पिऊन झोपलेली होती, आणि माझ्यात बॅग उपसायचं त्राण नव्हतं. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. घाला म्हटलं. तीस सेकंदांचं काम. व्हिटॅमिन के आणि लस आधीच झाली होती.

दहाव्या दिवशी डाव्या डोळ्यात चिपडं आली आणि माझी पाचावर धारण बसली, रात्रपाळी ताईंचं उत्तर रात्री तीनला परत वाचलं. सकाळी दाखवलं, नळी बंद आहे म्हणाले, नाकाजवळ बोटाने मसाज शिकवलाय.

सासूबाईंना नवऱ्यानेच सांगितलं सगळं, स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. त्या म्हणाल्या, मग आधी सांगायचं ना, आमच्या गल्लीत एकीच्या बाळाचे डोळे असेच गेले होते, तेव्हा सगळे म्हणाले दृष्ट लागली. काजळाची डबी अजून देव्हाऱ्यात आहे. तीट झबल्यावर लावायची, अंगाला नाही, असं सध्या ठरलंय. सगळी पांढरी झबली बाद झालीत.

@दुपारची_झोप, ३६व्या आठवड्यातच भांडून घ्या हे मात्र शंभर टक्के खरं, फक्त फॉर्म बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवा.