बँक ऑफ टेनेसीच्या नोटा करापोटी घ्याव्या लागल्या त्या का? (फर्मन विरुद्ध निकोल)

हुंडीवाला: नॅशव्हिलच्या फर्मन पेढीनं व्यापार परवान्याचा कर अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या मालकीच्या बँक ऑफ टेनेसीच्या नोटांत देऊ केला, कर घेणाऱ्या क्लर्क निकोलनं नाकारला. नोटा करापोटी घेण्याचं बँकेच्या सनदीतलं (स्थापनेच्या कायद्यातलं) 12 वं कलम राज्यानं 1865 मध्ये रद्द केलं होतं. कलमच नाही, तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1868 च्या सत्रात व्यापाऱ्याची बाजू कशी घेतली?

दप्तरदार: रद्द झालं ते पुढे निघणाऱ्या नोटांपुरतं. 1838 च्या सनदीनुसार, मागताक्षणी सोन्याचांदीत देय असलेल्या या नोटा खजिन्यानं आणि प्रत्येक वसुली अधिकाऱ्यानं करापोटी घ्यायच्या होत्या. कोर्टानं हा राज्याचा करार मानला, आणि तोही नोट ज्याच्या हाती आहे त्याच्याशी. हमी नोटेला चिकटलेली, पहिल्या धारकाला नाही. नाहीतर ती नोट बाजारात फिरवणार कोण? कराराचं बंधन ढिलं करणारा कायदा अमेरिकेच्या राज्यघटनेचा पहिला अनुच्छेद, कलम 10 राज्यांना करू देत नाही. अर्कान्सासच्या वुड्रफ विरुद्ध ट्रॅपनॉलमध्ये (1850) हेच ठरलं होतं.

हुंडीवाला: पण नोटा बट्ट्यानं विकल्या जात होत्या ना? मग भरणा बाजारभावानं की दर्शनी किमतीनं?

दप्तरदार: दर्शनी. समजा 100 डॉलरची नोट बाजारात 50 ला मिळाली, तरी कराच्या पावतीवर 100 जमा. राज्य एवढं भांडलं ते याचसाठी.

जुना मुनीम: एक दुरुस्ती. फर्मनचा निकाल 6 मे 1861 पूर्वी निघालेल्या नोटांपुरताच आहे. त्यानंतरच्या नोटा टेनेसीनं 1865 मध्ये राज्याच्या घटनेतच रद्दबातल ठरवल्या होत्या. तो तिढा कीथ विरुद्ध क्लार्कमध्ये (1878) सुटला: अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (1861-65) नोटाही करापोटी चालतील, त्या दक्षिणेतल्या राज्यांच्या बंडाच्या मदतीसाठी काढल्या असं म्हणणं असेल, तर ते सिद्ध करायचं नाकारणाऱ्यानं. मात्र नोटेवर छापलेली तारीख म्हणजे ती बँकेबाहेर पडली तीच तारीख, असं धरून चालू नका.

शिवाय 1873 नंतर दाद मागायची रीत बदलली. आधी नोटा पुढे करायच्या, नकार आला की मँडॅमस, म्हणजे अधिकाऱ्याला कर्तव्य करायला लावणारा कोर्टाचा हुकूम, मागायचा. नव्या कायद्यानं तो बंद केला. मग आधी चालू चलनात, निषेध नोंदवून कर भरावा लागे. अधिकारी रक्कम खजिन्यात जमा करताना कंट्रोलरला (राज्याच्या हिशेब अधिकाऱ्याला) कळवायचा की ही निषेधासह आली आहे. भरल्यापासून 30 दिवसांत त्या अधिकाऱ्यावर दावा लावावा लागे. मुदत चुकली की खेळ खलास व्हायचा. जिंकलं तर कोर्टाच्या दाखल्यावर कंट्रोलर परताव्याचं वॉरंट, म्हणजे पैसे देण्याचा आदेश, काढायचा.

हुंडीवाला: म्हणजे मुळात रोकड लागायचीच. हे कोर्टानं चालू दिलं?

जुना मुनीम: दिलं. ब्लूमस्टीन नावाचा करदाता थेट मँडॅमस मागत टेनेसी विरुद्ध स्नीडमध्ये (1877) गेला आणि हरला. भरून मग दावा लावण्याची सोय पुरेशी आहे, असं कोर्ट म्हणालं.